बशीतली रात्र कुणासाठी?

आयव्हीएफच्या प्रयोगशाळेत स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र किती वेळ ठेवावेत, या प्रश्नाची तीन तयार उत्तरं बाजारात आहेत. जुना पक्ष म्हणतो, रात्रभर. वर्षानुवर्षं असंच चाललंय, मुलं जन्माला येताहेत, मग नसती उठाठेव कशाला? नवा पक्ष म्हणतो, एक तास, फार तर चार. त्याहून जास्त ठेवलं की शुक्राणूच स्त्रीबीजाला इजा करू लागतात. तिसरा पक्ष या वादात पडतच नाही. तो सुई उचलतो, प्रत्येक स्त्रीबीजात एकेक शुक्राणू टोचतो आणि मोकळा होतो. तिघांचंही म्हणणं मला मान्य नाही. पण तिघांशी असलेलं भांडण एकाच जातीचं नाही, म्हणून एकेकाला वेगळं घ्यावं लागेल.

आधी जुन्या पक्षाचं घड्याळ पाहू. समजा, सोमवारी रात्री दहाला बाईला स्त्रीबीजं पक्व करणारं ट्रिगरचं इंजेक्शन दिलं. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी, म्हणजे बुधवारी सकाळी, पिकअप होतं. सोनोग्राफीत पाहत पाहत सुईने स्त्रीबीजं बाहेर काढली जातात. ती काही तास इन्क्युबेटरमध्ये राहतात. दुपारी दोनच्या सुमारास धुऊन, निवडून घेतलेले शुक्राणू त्यांच्या बशीत सोडतात, एका मिलिलिटरला साधारण लाखभर. दार बंद. गुरुवारी सकाळी आठच्या आसपास एम्ब्रियोलॉजिस्ट बशी बाहेर काढतो, स्त्रीबीजाभोवतीच्या पेशींचं आवरण सोलतो आणि आत दोन केंद्रकं दिसतात का ते पाहतो, एक आईकडचं आणि एक बापाकडचं. दोन दिसली तर फलन नीट झालं. एकही दिसलं नाही तर बहुधा झालं नाही. तीन दिसली तर ते भ्रूण बाजूला काढायचं.

केंद्रकं पाहण्याची ही वेळ, १६ ते १८ तासांची, खरोखर निसर्गाने ठरवलेली आहे. फार लवकर पाहिलं तर ती उमटलेली नसतात, फार उशीर केला तर विरून गेलेली असतात. हे कुणी नाकारत नाही. पण पाहायची वेळ सकाळी आठ, म्हणून शुक्राणूंनीही सकाळी आठपर्यंत तिथेच मुक्काम करायचा, हे कुठून आलं? जुन्या पक्षाने या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून टाकल्या आहेत. लोकांच्या मनात तर चित्रच असं असतं की रात्री विरजण लावायचं आणि सकाळी दही लागलं का ते बघायचं; रात्र लागतेच. विरजणाला ती लागते. फलनाला लागत नाही.

बशीत काय घडतं ते तासातासाने पाहिलं की हे लक्षात येतं. शुक्राणू शरीराबाहेर पडल्या क्षणी फलन करू शकत नाही. त्याला आधी त्यासाठी समर्थ व्हावं लागतं. ही गोष्ट चांग आणि ऑस्टिन या दोघांनी १९५१ साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवली. शरीरात ही तयारी स्त्रीच्या जननमार्गात होते. प्रयोगशाळेत वीर्यातला द्रव धुऊन काढण्यात आणि योग्य माध्यमात ठेवण्यातच तिचा बराच भाग उरकलेला असतो, म्हणजे बशीत सोडण्याआधीच. मग शुक्राणू स्त्रीबीजाभोवतीचा चिकट पेशीसमूह भेदतात, खालच्या जाड कवचाला चिकटतात आणि त्यातला एक आत शिरतो. हे सगळं पहिल्या काही तासांत होतं. तासाभराच्या सहवासातही फलन होतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. शुक्राणू आत गेला की स्त्रीबीज आपलं थांबलेलं विभाजन पुरं करतं आणि जादा गुणसूत्रांची एक इवलीशी पुडी बाहेर टाकतं. हा दुसरा ध्रुवीय पिंड बहुतेक वेळा दोन ते चार तासांत दिसू लागतो. म्हणजे दुपारी दोनला सुरू झालेल्या गोष्टीचा निकाल संध्याकाळी सहा ते आठपर्यंत जवळजवळ लागलेला असतो. पुढचे बारा तास बशीत राहतात ते हजारो शुक्राणू, ज्यांच्याकडे आता काही काम उरलेलं नाही.

शरीरात असं कधीच होत नाही. कोट्यवधींपैकी काहीशेच शुक्राणू बीजवाहिनीच्या टोकापर्यंत पोचतात, तेही एकदम नव्हे. एवढ्या गर्दीत, बंद जागेत, स्त्रीबीजाने रात्र काढावी अशी काही निसर्गाची योजना नाही. मग रात्र कुणासाठी? कामाच्या पाळीसाठी. संध्याकाळी सहाला माणसं घरी जातात, सकाळी आठला येतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. प्रयोगशाळा माणसंच चालवतात. फक्त पाळीच्या सोयीला जीवशास्त्राचा नियम म्हणू नये. ‘मुलं जन्माला येताहेत’ हा युक्तिवादही मला लंगडा वाटतो. मुलं जन्माला येतात यावरून पद्धत घातक नाही एवढंच सिद्ध होतं. ती सर्वांत चांगली आहे, हे त्यातून निघत नाही.

एवढं वाचून नव्या पक्षाला वाटेल, मी त्यांच्याच बाजूचा. थोडं थांबावं.

नव्या पक्षाचा मूळ मुद्दा रसायनाचा आहे. शुक्राणू जगताना ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपं तयार करतात. मरू घातलेले शुक्राणू आणि वीर्यातल्या पांढऱ्या पेशी तर जास्तच. जॉन मॅक्लाउड यांनी १९४३ साली ऑक्सिजनच्या सान्निध्यात मानवी शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि त्यामागे हायड्रोजन पेरॉक्साइड आहे हे दाखवलं. पुढे जॉन एटकेन यांनी या विषयाला आपली कारकीर्द दिली. तेव्हा रात्रभराच्या गर्दीत हे पदार्थ साठतील आणि स्त्रीबीजाला किंवा नव्या भ्रूणाला त्रास देतील, ही शंका रास्त आहे. १९९६ साली इटलीतल्या बोलोन्याच्या लुका जानारोली आणि सहकाऱ्यांनी ‘ह्यूमन रिप्रॉडक्शन’मध्ये लिहिलं की सहवास १६ तासांवरून एका तासावर आणला तर फलन कमी होत नाही आणि भ्रूण गर्भाशयात रुजण्याचं प्रमाण सुधारतं. तिथून ही चळवळ सुरू झाली.

२०१३ साली वैद्यकीय पुराव्याची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेने तोवरच्या यादृच्छिक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. ८ चाचण्या, ७३३ स्त्रिया. अल्प सहवासाच्या गटात टिकलेल्या गर्भधारणेचं ऑड्स गुणोत्तर २.४२ आलं. हा आकडा नव्या पक्षाच्या प्रत्येक भाषणात येतो, आणि बहुधा ‘यश अडीचपट’ असा येतो. तो तसा नाही, आणि इथे थोडं गणित केल्यावाचून गत्यंतर नाही. समजा, रात्रभराच्या पद्धतीत शंभरात २५ गर्भधारणा टिकतात. म्हणजे २५ ला होतं, ७५ ला होत नाही. ऑड्स एकास तीन. त्याला २.४२ ने गुणा आणि परत टक्केवारीत आणा: साधारण ४५ येतात, अडीचपटीने येणारे ६२ नव्हेत. गुणोत्तराची खरी किंमत १.५५ ते ३.७७ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, असंही समीक्षेतच आहे. म्हणजे आपल्या उदाहरणात ३४ ते ५६. एवढ्या रुंद पट्ट्याला निष्कर्ष म्हणायचं की अंदाज, हे वाचकाने ठरवावं.

पुढची गोष्ट जास्त बोचरी आहे. टिकलेल्या गर्भधारणेचा तो आकडा आठ चाचण्यांतून आलेलाच नाही, फक्त दोन चाचण्यांतून आला. आणि जिवंत बाळं किती जन्माला आली, ही नोंद त्या आठांपैकी एकाही चाचणीत नव्हती. जोडपं दवाखान्यात येतं ते बाळासाठी, आणि नेमका तोच रकाना कोरा! समीक्षकांनी पुराव्याची प्रत हलकी आहे असं स्पष्ट म्हटलं. तेवढं वाक्य भाषणांत गळतं.

अशा चाचण्यांत आणखी एक खोट वारंवार आढळते. एकाच स्त्रीची, समजा, १२ स्त्रीबीजं मिळाली. सहा तासाभराच्या बशीत, सहा रात्रभराच्या. फलन किती झालं, भ्रूणं कशी दिसतात, एवढ्याची तुलना यातून उत्तम होते, कारण आई तीच आणि बापही तोच. पण मग दोन्ही गटांतून जे भ्रूण सर्वांत छान दिसेल ते गर्भाशयात सोडतात. गर्भ राहिला तर तो कोणत्या बशीचा विजय? दोन भ्रूणं सोडली, एक इकडचं आणि एक तिकडचं, तर विचारायलाच नको. स्त्रीबीजं मोजून लिहिलेला निष्कर्ष स्त्रियांना लागू करता येत नाही. तरी तो सर्रास केला जातो.

शिवाय फायदा एवढा मोठा असेल तर तो दुसरीकडेही दिसायला हवा होता. इक्सीत, म्हणजे सुईने एकेक शुक्राणू टोचण्याच्या त्या तिसऱ्या पद्धतीत, शुक्राणूंची गर्दी जवळपास शून्य असते. १९९२ साली ब्रुसेल्सच्या पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी इक्सीने झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या, तेव्हापासून जगात एका बाजूला रात्रभर शुक्राणूंत पडलेली आणि दुसऱ्या बाजूला शुक्राणूंची सावलीही न पडलेली अशी स्त्रीबीजं शेजारशेजारच्या इन्क्युबेटरमध्ये वाढत आली आहेत. रात्रीची गर्दी शंभरात वीस गर्भ खात असती तर वीर्य चांगलं असलेल्या जोडप्यांत इक्सीचा डंका केव्हाच वाजला असता. वाजलेला नाही. यावर नवा पक्ष म्हणेल की इक्सीत सुईची इजा असते, ती फायदा खाऊन टाकते. असेलही. पण दोन अदृश्य गोष्टी एकमेकींना बरोबर मापात रद्द करतात, हे सिद्ध करण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर आहे. धुण्याच्या पद्धतीही आता बदलल्या आहेत. घनतेच्या थरांतून गाळून घेतलेल्या शुक्राणूंत मेलेले आणि पांढऱ्या पेशी फार थोड्या उरतात. आजची बशी गढूळ वीर्याची बशी नव्हे, त्यामुळे जुन्या भीतीचं माप आजच्या बशीला तसंच्या तसं लावता येत नाही.

जास्त वेळ ठेवलं तर एकाहून जास्त शुक्राणू आत शिरतात, हाही एक आक्षेप ऐकू येतो. तो चटकन निकालात निघतो. पहिला शुक्राणू शिरताच स्त्रीबीज स्वतःचं कवच बंद करू लागतं, ते मिनिटांच्या हिशोबात. दार बंद झाल्यावर बाहेर कोण किती वेळ उभं आहे याने फरक पडत नाही. कच्चं किंवा जास्त पिकलेलं स्त्रीबीज आणि शुक्राणूंची बेसुमार संख्या ही खरी कारणं. कॉक्रेनच्या समीक्षेतही या बाबतीत दोन गटांत ठळक फरक सापडला नाही.

आता सुईवाले. त्यांच्याशी माझं भांडण जास्त कडवट आहे, कारण इथे पैसाही आहे. वीर्य फार कमकुवत असेल तर इक्सी हे वरदान आहे. त्यावर दुमत नाही. पण आता वीर्याचा अहवाल उत्तम असलेल्या जोडप्यांनाही ‘धोका कशाला, इक्सीच करू’ असं सांगितलं जातं आणि ते पॅकेजमध्ये बसतं. पुरावा काय म्हणतो? २०२१ साली ‘लॅन्सेट’मध्ये व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीची चाचणी आली. १,०६४ जोडपी, पुरुषाच्या वीर्याची संख्या आणि हालचाल सामान्य. पहिल्यांदा भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतर बाळ झालं इक्सीत ३५ टक्क्यांना, साध्या पद्धतीत ३१ टक्क्यांना. फरक योगायोगाच्या मर्यादेतला. २०२४ साली त्याच नियतकालिकात चीनमधल्या १० केंद्रांची चाचणी आली. २,३८७ जोडपी, यात पुरुषदोष होता पण तीव्र नव्हता. बाळ झालं इक्सीत सुमारे ३४ टक्क्यांना, साध्या पद्धतीत सुमारे ३७ टक्क्यांना. जिथे इक्सी चमकेल असं वाटत होतं, तिथेही ती चमकली नाही. ‘शून्य सहवास’ हा सहवासाच्या प्रश्नाचा सुटसुटीत तोडगा आहे, असं समजणाऱ्याने हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत.

सुईवाल्यांचा एकच युक्तिवाद मला जड वाटतो. साध्या पद्धतीत कधीकधी एकाही स्त्रीबीजाचं फलन होत नाही. असं दर शंभर प्रयत्नांत पाच-दहा वेळा घडतं, आणि कुणाच्या बाबतीत घडेल ते आधी सांगता येत नाही. गुरुवारी सकाळी आठला ही बातमी कळते, तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. आता इक्सी केली तरी स्त्रीबीज एक दिवसाने म्हातारं झालेलं असतं आणि अशा उशिरा केलेल्या बचावाचे निकाल वाईट असतात. दोन आठवड्यांची इंजेक्शनं, भूल, खर्च, रजा, सासरच्या चौकशा, सगळं पाण्यात.

माझ्या पक्षाची बाजू इथून सुरू होते. सहवास कमी करण्याचा खरा लाभ विषारी रसायनांपासून बचाव हा नाही. तो मिळाला तर वरची कमाई. खरा लाभ आहे वेळेवर कळण्याचा. चार ते सहा तासांनी शुक्राणू बाजूला करायचे, स्त्रीबीजावरच्या पेशी सोलायच्या आणि दुसरा ध्रुवीय पिंड बाहेर पडला आहे का ते पाहायचं. बहुतेक स्त्रीबीजांत दिसला तर निर्धास्त होऊन त्यांना ताज्या माध्यमात ठेवायचं. एकाही स्त्रीबीजात दिसला नाही तर त्याच संध्याकाळी इक्सी करायची, स्त्रीबीज अजून तरुण असताना. सिंगापूरच्या चेन आणि कट्टेरा यांनी सहा तासांनी असं पाहून केलेल्या बचावाचं काम २००३ साली ‘ह्यूमन रिप्रॉडक्शन’मध्ये प्रसिद्ध केलं, आणि चीनमधल्या अनेक केंद्रांत ही रीत रुळली आहे. सगळ्यांना सुई टोचण्याचं कारणच यामुळे उरत नाही. जिला गरज, तिलाच सुई.

या रीतीत धोके आहेत, आणि जो ते सांगत नाही त्याच्याकडून ती करून घेऊ नये. पहिला धोका ओळखण्यातला. फलनाआधीच बाहेर पडलेला पहिला ध्रुवीय पिंड अनेकदा तुकड्यांत फुटतो आणि नवख्या डोळ्याला ते दोन पिंड वाटतात. मग फलन न झालेलं स्त्रीबीज झालेलं म्हणून सुटतं. दुसरा याच्या उलट. काही स्त्रीबीजांत शुक्राणू शिरलेला असतो, पण पिंड बाहेर पडायला उशीर होतो. तिथे घाईने सुई मारली तर आत दोन शुक्राणू, आणि सकाळी तीन केंद्रकं. तिसरा धोका हाताळणीचा. या तासांत स्त्रीबीजातली गुणसूत्रं ओढणारी तर्कूची यंत्रणा कामात असते, आणि तापमान थोडं घसरलं तरी ती विस्कटते. इन्क्युबेटरबाहेर गप्पा मारत पेशी सोलणाऱ्या माणसापेक्षा रात्रभर बंद असलेलं दार बरं. आणि वीर्य मंद असेल तर एका तासाचा हट्ट धरू नये. सावकाश चालणाऱ्याला पोचायला वेळ लागतो. म्हणून मी एका तासाच्या बाजूचा नाही. चार ते सहा तास, अनुभवी हात, गरम राहणारं टेबल आणि संध्याकाळी कामावर असलेला माणूस, या चारही गोष्टी असतील तरच. यातली एक नसेल तर रात्रभराची जुनी पद्धत चालू ठेवावी. ‘आम्ही शॉर्ट इन्सेमिनेशन करतो’ अशी पाटी लावायची आणि सहा वाजता कुलूप, ही फसवणूक आहे.

जोडप्यांना हे विचारण्याचा हक्क आहे, आणि तो आता कायद्याचाही आहे. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने यशाची शक्यता, फायदे, तोटे, खर्च आणि धोके समजावून सांगणं दवाखान्यावर बंधनकारक केलं आहे. ‘इक्सी का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘आम्ही सगळ्यांनाच करतो’ हे असूच शकत नाही. स्त्रीबीजं आणि शुक्राणू किती वाजता एकत्र ठेवले, किती वाजता वेगळे केले, किती वाजता पाहिलं, या तीन वेळा प्रत्येक जोडप्याच्या कागदावर लिहिलेल्या असाव्यात. भ्रूणाची ग्रेड लिहितात, फोटो देतात, कधी व्हिडिओही देतात. तीन वेळा लिहायला शाई जास्त लागत नाही.

आणि बाळं किती झाली, हा कोरा रकाना भरायचा कुणी? खासगी साखळ्यांकडून मला फारशी आशा नाही. घड्याळ लवकर थांबवण्यात विकण्यासारखं काही नसतं, ना यंत्र ना औषध, मग चाचणीला पैसा कोण घालणार? पण मुंबईत परळला केईएम रुग्णालय आणि वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था जवळजवळ आहेत. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये जन्मलेली टेस्ट ट्यूब बेबी या दोघांच्या सहकार्यातून आली. डॉ. इंदिरा हिंदुजा, डॉ. टी. सी. आनंद कुमार आणि त्यांचे सहकारी यांनी ते काम महापालिकेच्या रुग्णालयात आणि सरकारी प्रयोगशाळेत केलं. तसल्याच जागेने हा प्रश्न हाती घ्यावा. वीर्य सामान्य असलेली जोडपी घ्यावीत. चिठ्ठी स्त्रीबीजांची टाकू नये, स्त्रियांची टाकावी: एका गटाला रात्रभर, दुसऱ्याला चार तास आणि संध्याकाळची तपासणी. गोठवलेल्या भ्रूणांसह त्या एका पिकअपमधून अखेर किती जिवंत बाळं झाली आणि किती जणींचं एकही फलन झालं नाही, हे दोनच आकडे मुख्य मानावेत. दोन्ही गट सारखे निघाले तर रात्रभरवाल्यांनी खुशाल रात्रभर ठेवावं, माझी हरकत नाही. संध्याकाळची पाळी लावण्याचा खर्च मग कुणावर लादता येणार नाही. चार तासांचा गट पुढे गेला तर मात्र सहा वाजता कुलूप लावणाऱ्या प्रयोगशाळांना पाळीचं वेळापत्रक बदलावं लागेल, आणि त्याचा पगार पॅकेजच्या बाहेर वेगळा लावता येणार नाही.